मुलांना सहल द्यायची, तर ती मुलांची असू द्या

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना काय द्यायचे, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत गेल्या काही वर्षांत बदललेले दिसते. कपडे आणि खेळणी आता वर्षभर केव्हाही येतात, सणाची वाट पाहावी लागत नाही. मोबाइल द्यावा की देऊ नये याची तर पालकांना चिंताच लागलेली असते. त्यामुळे ‘यंदा वस्तू नको, सगळे मिळून कुठेतरी जाऊ’ असे म्हणणारी घरे वाढली आहेत आणि नातवंडांच्या हातात पाकीट ठेवण्याऐवजी सहलीचा खर्च उचलणारे आजी-आजोबाही दिसू लागले आहेत. हा बदल मला मनापासून स्वागतार्ह वाटतो. तरीही त्यातली एक गोष्ट खटकते. सहल मुलांच्या नावाने ठरते, पण ती मोठ्यांच्या सोयीने, मोठ्यांच्या वेगाने आणि अनेकदा मोठ्यांच्या प्रतिष्ठेसाठी पार पडते. ज्याला भेट दिली त्याला तीत काही ठरवता येत नसेल, तर तिला त्याची भेट कशी म्हणायची? माझे म्हणणे असे आहे की जायचे ठिकाण ठरवण्यापासून मुलांचा वाटा असेल आणि आईवडिलांचा वेळ निर्वेधपणे मुलांच्या वाट्याला येणार असेल, तरच कौटुंबिक सहल ही मुलांना दिलेली भेट ठरते. किती लांब गेलो आणि किती खर्च केला, याचा तिच्या मोलाशी फारसा संबंध नाही. आणि एवढे मान्य केले, तर अशी सहल सामान्य घरांच्या आवाक्यात ठेवणे ही केवळ त्या त्या घराची बाब राहत नाही, ती सार्वजनिक जबाबदारी होते.

वस्तूपेक्षा अनुभव श्रेष्ठ, हे विधान हल्ली इतक्या सहजपणे केले जाते की त्याचा आधार कोणी तपासून पाहत नाही. लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वस्तूंवर खर्च केल्यापेक्षा अनुभवांवर खर्च केल्याचे समाधान माणसांना अधिक वाटते, असे दाखवले होते आणि तेव्हापासून हा निष्कर्ष सर्वत्र उद्धृत होत आला आहे. पण तो अभ्यास प्रौढांचा होता. लॅन चॅप्लिन, टीना लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सतरा वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास करून २०२० मध्ये जे मांडले, ते पालकांनी अधिक लक्षपूर्वक वाचायला हवे. साधारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अनुभवापेक्षा वस्तूचा आनंद अधिक होतो आणि त्यापुढच्या वयात पारडे अनुभवाकडे झुकते, असे त्यांना आढळले. याचे कारण समजण्यासारखे आहे. वस्तू समोर असते, हातात घेता येते, उद्याही तिच्याशी खेळता येते. अनुभव मात्र संपून जातो आणि तो पुन्हा उभा करायला जी स्मरणशक्ती लागते, ती लहान वयात अजून घडत असते.

म्हणजे सहा वर्षांच्या मुलाने सहलीपेक्षा खेळण्यातली गाडी मागितली, तर त्याच्यावर वाईट संस्कार झाले असे समजण्याचे कारण नाही. ते त्याच्या वयाला धरूनच आहे. त्याला गाडी द्यावी आणि सहलही करावी, पण सहलीसाठी त्याची गाडी नाकारून वर त्याने कृतज्ञ राहावे अशी अपेक्षा धरू नये. दुसऱ्या बाजूने, ‘इतक्या लहान मुलाला काय आठवणार, मोठा झाल्यावर नेऊ’ असा जो हिशेब केला जातो, तोही मला अपुरा वाटतो. रॉबिन फिवुश यांच्यासारख्या संशोधकांनी अनेक वर्षे केलेल्या कामातून असे दिसते की जे पालक घडून गेलेल्या गोष्टींबद्दल मुलांशी सविस्तर बोलतात, प्रश्न विचारतात, मुलाने सांगितलेल्या तुटक गोष्टीत भर घालून ती पुढे नेतात, त्यांच्या मुलांच्या आठवणी अधिक समृद्ध आणि सुसंगत होतात. आपल्याकडे रात्रीच्या जेवणानंतर चालणाऱ्या गप्पांत हे काम पूर्वीपासून होत आलेले आहे. ‘गाडी घाटात बंद पडली तेव्हा तू काय म्हणालास, आठवतं का?’ या एका प्रश्नावर मूल दहा मिनिटे बोलते, धाकटे भावंड मधेच दुरुस्ती करते, आजी आणखी जुन्या प्रवासाची आठवण काढते, आणि तो प्रवास घराच्या मालकीचा होतो. सहलीचा अर्धा भाग असा परतल्यानंतर घडत असतो. तो घडू द्यायचा की शेकडो छायाचित्रे मोबाइलमध्ये टाकून विसरून जायचे, हे मोठ्यांच्या हाती आहे. लहान मुलाला हातात धरायला काहीतरी लागते हे लक्षात घेऊन चारच चांगली छायाचित्रे कागदावर छापून घ्यावीत, तिकिटे वहीत चिकटवायला द्यावीत, नदीतला दगड आणू द्यावा. वस्तू आणि अनुभव यांच्यातला वाद मुलांपुरता अशा साध्या गोष्टींनीच मिटतो.

मला खरी काळजी वाटते ती सहलीच्या प्रचलित स्वरूपाची. पहाटे पाचला उठवून बसमध्ये बसवायचे, दिवसात सात ‘पॉइंट’ पाहायचे, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे, त्यातली दहा छायाचित्रांसाठी, आणि रात्री उशिरा हॉटेलवर पोचल्यावर ‘तुझ्यासाठी एवढा खर्च केला आणि तू तोंड पाडून बसलास’ असे मुलालाच ऐकवायचे, हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मुलाचे लक्ष मोठ्यांसारखे चालत नाही. त्याला मुंग्यांच्या रांगेपाशी अर्धा तास थांबायचे असते, धरणाच्या भिंतीवरून एकाच जागी पन्नास दगड टाकायचे असतात, आणि प्रसिद्ध सूर्यास्तापेक्षा तिथल्या माकडात त्याला अधिक रस असतो. यात वेळ वाया जातो असे मोठ्यांना वाटते. माझ्या मते त्याच वेळासाठी सहल करायची असते. तीन दिवसांत पाच गावे करण्यापेक्षा एका गावात तीन दिवस राहावे, म्हणजे तिसऱ्या दिवशी मुलाला दुकानदाराचे नाव, विहिरीची वाट आणि गल्लीतला कुत्रा ओळखीचा झालेला असतो. सहलीला निकालाची अट घालणेही मला चुकीचे वाटते. ‘नव्वद टक्के मिळाले तर केरळ’ असे सांगितले की सहल मजुरी होते, आणि पंच्याऐंशी टक्के मिळवणाऱ्या मुलामुळे सगळ्या घराची सुट्टी हुकली हा ठपका त्याच्यावर वर्षभर राहतो. सुट्टी ही मुलाने कमवायची गोष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमाने विश्रांती, खेळ आणि विरंगुळा हा मुलांचा हक्क मानला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

मुलांचा वाटा म्हणजे नेमके काय, हे दोन-तीन ठिकाणांच्या आधाराने सांगतो. छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून अजिंठा आणि वेरूळ पाहायचे असे ठरले आणि हाताशी सोमवार-मंगळवार असे दोनच दिवस आहेत, असे समजा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. म्हणजे सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम लावला तर दोन्ही पाहून होतात, उलटा लावला तर दोन्ही हुकतात. हे कोडे मोठ्यांनी परस्पर सोडवून टाकू नये. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात दिनदर्शिका आणि एसटीचे वेळापत्रक द्यावे आणि क्रम तिला लावू द्यावा. फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी सोडून महामंडळाच्या बसने लेण्यांपर्यंत जावे लागते, हेही तिला आधी शोधून काढू द्यावे. असे केले की ती तिथे पाहुणी म्हणून जात नाही, सगळ्यांना घेऊन जाणारी म्हणून जाते. मग दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने एप्रिल १८१९ मध्ये कोरलेले आपले नाव तिला दाखवावे. ते आज माणसाच्या उंचीच्या बरेच वर दिसते, कारण तेव्हा लेण्यात गाळ साचलेला होता आणि तो त्या गाळावर उभा होता. शेकडो वर्षे विस्मृतीत गेलेली लेणी पुन्हा जगासमोर आली ती त्याच्यामुळे, आणि त्याच माणसाने तिथल्या चित्रावर आपले नाव खरवडले; या दोन गोष्टी एकत्र कशा समजून घ्यायच्या, यावर मुले फार गंभीरपणे बोलतात. वास्तूवर नावे लिहू नयेत, हे पाटीवर वाचून जे कळत नाही ते इथे कळते.

दिवाळीच्या सुट्टीला तर आपल्याकडे सहलीचे बीज अंगणातच पेरलेले असते. दगड, विटा, पोते आणि लाल माती घेऊन मुले किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, सिंहासनावर महाराज बसवतात, मावळे उभे करतात. बहुतेक किल्ल्यांवर पायथ्यापासून दरवाजापर्यंत जाणारी वाट सरळ असते, कारण ती करायला सोपी आणि दिसायला छान. भाऊबीज आटोपल्यावर या मुलांना पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरवावे आणि भाजे गावावरून चालत लोहगडावर न्यावे. कार्तिकातली हवा त्या चढणीला उत्तम असते. लोहगडाची वाट गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा या चार दरवाजांतून वळणे घेत वर जाते, आणि एका दरवाजातून दुसऱ्याकडे जाताना माणूस सतत वरच्या तटाच्या माऱ्यात राहतो. वरच्या बुरुजावर उभे राहून खालच्या वळणावर चालणाऱ्या बाबांकडे पाहिले की वाट वाकडी का केली, हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. पुढच्या वर्षी अंगणातल्या किल्ल्याची वाट वळते. याच लोहगडासह महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण ते किल्ले मुलांच्या पायाखालून गेले नाहीत, तर तो अभिमान वर्तमानपत्राच्या मथळ्यापुरता राहील.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले वेळास हे मला या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे उदाहरण वाटते. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे तिथल्या वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती अंडी काढून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचे काम सुरू केले आणि त्यातून पुढे कासव महोत्सव उभा राहिला. घरटी शोधून अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात, वाळूत पुन्हा तशीच पुरतात, वर टोपली पालथी ठेवतात, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान रोज सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलून पाहिल्या जातात. शिमग्याच्या किंवा गुढीपाडव्याच्या सुट्टीला जोडून जाता येते. मुक्काम गावातल्या घरांत, जेवण त्यांच्याच ओसरीवर.

कार्यकर्ता टोपली उचलतो तेव्हा दोरीच्या अलीकडे उभी असलेली सगळी मुले टाचा उंचावतात. कधी वाळू हललेली असते आणि तळहाताएवढीही नसलेली काळसर पिल्ले एकमेकांवर चढत असतात. कधी टोपलीखाली नुसती वाळू असते. पिल्ले असली, तर ती थेट पाण्यात सोडत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि समुद्रापर्यंतची वाट त्यांची त्यांनी काटायची असते. एखादे पिल्लू उलट दिशेला वळते, एखाद्याला लाट दोनदा परत आणून टाकते, आणि त्याला उचलून पुढे ठेवावे असे प्रत्येक मुलाला वाटत असताना कोणीही हात लावायचा नसतो. सगळ्या मुलांना इतका वेळ गप्प उभे असलेले मी दुसरीकडे क्वचितच पाहिले आहे. आणि पिल्ले नसली, तर? एवढ्या लांब येऊन रिकामी टोपली पाहणाऱ्या मुलाचा चेहरा पडतो, ते खरे. पण पैसे भरले म्हणून निसर्ग वेळापत्रक पाळत नाही, हे त्याला कळते, आणि संध्याकाळी पुन्हा येण्याचा हट्ट ते स्वतः करते. नाना फडणवीसांचे मूळ गाव हेच. लोहगडावर नानांनी बांधलेले तळे आधी पाहिलेले असेल तर मुलांना हा धागा जोडून देता येतो. त्यासाठी मोठ्यांनी मात्र थोडे वाचून जावे लागते.

या तिन्ही ठिकाणी विमान लागत नाही. परदेशी सहलींना माझा विरोध नाही, ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर जावे, पण त्यासाठी कर्ज काढून ते वर्षभर हप्त्यांनी फेडण्याची जी प्रथा वाढते आहे, ती मुलांच्या नावावर खपवू नये. ज्या घरात सुट्टीनंतरचे सहा महिने पैशांवरून कुरबुर चालते, त्या घरातल्या मुलाला त्या सहलीची किंमत नको इतकी नीट कळते. परदेशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत हाच विचार उलट दिशेने करावा लागतो. अमेरिकेतून डिसेंबरच्या सुट्टीत किंवा आखातातून उन्हाळ्यात मुलांना घेऊन येणारे पालक मोठा खर्च करून येतात, आणि मग दोन-तीन आठवडे लग्नसमारंभ, नातेवाइकांच्या घरची जेवणे आणि मॉल यांतच संपतात. आजोबांबरोबर एसटीने गावी जाऊन चार दिवस राहणे ही त्या मुलांसाठी सर्वांत मोठी भेट असते, कारण ती तिकडे विकत मिळत नाही. इथल्या मुलांनाही आजोळी जाणे आता सहल वाटेनासे झाले आहे, याचे मला वाईट वाटते. मामाकडे आठ दिवस राहणे हा मुलांचा आईवडिलांविना झालेला पहिला प्रवास असायचा. दुसऱ्या घराच्या वेळा, दुसऱ्या घरची आमटी, मावसभावंडांशी झालेली भांडणे आणि ती आपली आपण मिटवणे हे सारे त्यात येत असे. सहलीच्या खर्चात आजोळ बसवता येते, आजोळच्या जागी सहल बसत नाही.

आता ज्या घरांत सहलीचा विषयच निघत नाही, त्यांच्याकडे यायला हवे, कारण त्यांना वगळून केलेला हा सगळा विचार अर्धवट आहे. जेकब ली, डेबोरा हॉल आणि वेंडी वूड या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की अनुभवावरच्या खर्चाचे अधिक समाधान हे मुख्यतः सुस्थितीतल्या लोकांच्या बाबतीत खरे आहे. ज्यांच्याकडे पैसा कमी आहे त्यांना वस्तूवरच्या खर्चाने तितकाच किंवा अधिक आनंद होतो. चार किलोमीटर चालत शाळेत जाणाऱ्या मुलीला दिवाळीत मिळालेली सायकल ही तिच्यासाठी कोणत्याही सहलीहून मोठी भेट आहे, आणि तिच्या आईवडिलांना कोणी ‘वस्तू देऊ नका, आठवणी द्या’ असा उपदेश करू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांची मुलेही प्रवासच करतात. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर बसून कारखान्याकडे जातात आणि अनेकदा मार्च-एप्रिलपर्यंत शाळेला मुकतात. सुट्टी संपल्यावर वर्गात ‘सुट्टीत कुठे कुठे गेलात ते सांगा’ असे विचारणाऱ्या शिक्षकांनी या मुलांची आठवण ठेवावी. ‘मी केलेली सहल’ या निबंधाऐवजी ‘सुट्टीत मी नव्याने पाहिलेली एक गोष्ट’ असा विषय दिला, तर पाचटाची कोपी, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची झोपडी, पाहिलेल्या मुलालाही लिहिता येईल, आणि तो निबंध वर्गाने ऐकण्यासारखा असेल.

या दोन टोकांच्या मध्ये मात्र महाराष्ट्रातली फार मोठी संख्या आहे: रिक्षाचालक, छोटे दुकानदार, कारखान्यातले कंत्राटी कामगार, अंगणवाडी सेविका, सुरक्षारक्षक. या घरांना वर्षातून एकदा दोन-तीन दिवस मुलांना घेऊन जाणे अगदीच अशक्य नाही, पण ते कायम पुढच्या वर्षावर जाते. त्याचे कारण नेहमी तिकीट नसते. एसटीचे आजचे दर पाहा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे, मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात प्रवास मोफत आहे. आई, बाबा, दोन लहान मुले, सत्तरीची आजी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा असे सहा जण निघाले, तर तिकीट तिघांचे पडते. ‘आवडेल तेथे प्रवास’ या योजनेत चार किंवा सात दिवसांचा पास काढून राज्यभर फिरता येते आणि मुलांना तो निम्म्या दरात मिळतो. पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. एवढे सगळे असताना कितीतरी घरांना याचा एकत्रित हिशेब ठाऊक नसतो, कारण या सवलती वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या नावांनी आल्या. ‘सहकुटुंब सुट्टी’ म्हणून त्या कोणी समोर ठेवल्याच नाहीत.

रेल्वेचे चित्र इतके दिलासा देणारे नाही. एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र शायिका हवी असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते, आणि ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली ती अजून परत आलेली नाही. आजी-आजोबांना घेऊन लांब जाणाऱ्या कुटुंबाला हे दोन्ही निर्णय एकदमच सोसावे लागतात. सुट्टीच्या गाड्यांचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि पाहता पाहता भरते. मग उरतात खासगी बस. त्यांनी एसटीच्या दीडपटीपेक्षा अधिक भाडे घेऊ नये असा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे, पण दिवाळीच्या आठवड्यात तो कागदावरच राहतो.

तिकिटाहून मोठी अडचण सुट्टीची आणि त्याहून मोठी सोयींची आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला रजा प्रवास सवलत मिळते. संघटित क्षेत्रातल्या नोकरदाराला जुन्या करप्रणालीत चार वर्षांतून दोन प्रवासांच्या भाड्यावर प्राप्तिकरात सूट आहे. कुटुंबाने एकत्र प्रवास करणे ही प्रोत्साहन देण्यासारखी गोष्ट आहे, हे तत्त्व शासनाने म्हणजे फार पूर्वीच मान्य केले आहे, फक्त ते पगारपत्रक असलेल्यांपुरते ठेवले आहे. फ्रान्सने १९८२ मध्ये कमी वेतनाच्या कामगारांनाही सुट्टीवर जाता यावे म्हणून कामगार आणि मालक यांच्या वाट्यातून सुट्टीची कुपने सुरू केली. आपल्याकडे बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे, माथाडी मंडळे आहेत. त्यांच्यामार्फत सदस्याच्या कुटुंबाला दोन वर्षांतून एकदा एसटीचा चार दिवसांचा पास देणे ही आवाक्याबाहेरची कल्पना मुळीच नाही. शालेय सहलींना महामंडळ निम्म्या भाड्यात गाडी देतेच. मुलांच्या सहलीसाठी सार्वजनिक पैसा वापरायला कोणाची हरकत नसते, याचा तो पुरावा आहे.

आणि सोयी. लहान मुलीला घेऊन एसटीने निघालेल्या आईच्या मनातला पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, वाटेत स्वच्छतागृह मिळेल का, हा असतो. अनेक बसस्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत, पण ते उघडे आणि वापरण्याजोगे असतीलच याची खात्री देता येत नाही. मुलींची स्वच्छतागृहे घाण असल्यामुळे किती आया प्रवासात मुलींना पाणी पिऊ देत नाहीत, हे आपल्या घरातल्या बायकांना विचारावे. कोट्यवधी रुपयांची पर्यटन संकुले उभारण्याआधी प्रत्येक तालुक्याच्या बसस्थानकावर वाहते पाणी असलेले, कडी लागणारे, दिवा असलेले स्वच्छतागृह झाले, तर महाराष्ट्रात सहकुटुंब फिरणाऱ्यांची संख्या आपोआप वाढेल, असे मला ठामपणे वाटते.

यातल्या बऱ्याचशा गोष्टींना नवा कायदा लागत नाही. मे आणि दिवाळीच्या सुट्टीपुरता सहकुटुंब पास महामंडळाने काढावा, त्यात मुलांची, महिलांची आणि ज्येष्ठांची आजची सवलत एकत्र करून बाबांच्या तिकिटातही थोडी सूट द्यावी, आणि तो पास शाळांमधून सुट्टी लागण्यापूर्वी मुलांच्याच हाती द्यावा. पासाच्या मागे जिल्ह्यातली लेणी, किल्ले, संग्रहालये, त्यांचे बंद असण्याचे वार आणि जवळचे बसस्थानक छापावे. शाळांच्या सुट्टीच्या काळात राज्याच्या अखत्यारीतली संग्रहालये साप्ताहिक सुट्टी न घेता उघडी ठेवावीत. पुढच्या मे महिन्यासाठी हे निर्णय जानेवारीत झाले, तर मुलांना नकाशा पसरून कुठे जायचे ते ठरवायला पुरेसा वेळ मिळेल.